चांगले जंतू, वाईट जंतू आणि माझी चूक



आज एका धड्याबद्दल लिहायचं आहे. नववीचा ‘उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव’. हा धडा मी बरीच वर्षं शिकवला आणि त्यातली एक गोष्ट बरीच वर्षं चुकीची शिकवली. चूक पुस्तकात नव्हती, माझ्या फळ्यावर होती.

फळ्याच्या मधोमध मी एक उभी रेघ मारायचे. डावीकडे ‘चांगले जंतू’, उजवीकडे ‘वाईट जंतू’. डावीकडे दह्यातला लॅक्टोबॅसिलस, उजवीकडे कॉलरा आणि टायफॉइडचे जिवाणू. मग माझं ठरलेलं वाक्य यायचं, "दही खा. चांगले जंतू पोटात जाऊन वाईट जंतूंना मारतात." मुलं ते लिहून घ्यायची, परीक्षेतही तेच लिहायची आणि मी पूर्ण गुण द्यायचे.

आमची शाळा खोडदच्या परिसरातली. इथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात, म्हणजे जीएमआरटीत, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांना त्याची वर्षभर ओढ असते. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्यासाठी प्रयोग तयार केला. तापवून कोमट केलेल्या दुधाच्या दोन बरण्या घेतल्या. एकीला विरजण लावलं, दुसरी तशीच ठेवली. तीन दिवसांनी पहिलीत आंबट दही होतं, दुसरीजवळ नाक धरून उभं राहावं लागत होतं. ती सगळ्यांना सांगत होती, "दह्यातले जंतू आम्ल तयार करतात, त्यात नासवणारे जंतू वाढत नाहीत." अगदी बरोबर. मलाही फार कौतुक वाटलं होतं.

पावसाळा सुरू झाला आणि तिच्या अडीच वर्षांच्या भावाला जुलाब लागले. घरी आजी होती, आई-वडील कामावर. मुलीने आजीला सांगितलं, "आज्जी, दही दे. मॅडमनी शिकवलंय." दोन दिवस बाळाला दहीभात आणि घोट-दोन घोट ताक दिलं. वेगळं पाणी नाही, मीठ-साखरेचं पाणी नाही, डॉक्टर नाही. तिसऱ्या दिवशी पोराचे डोळे खोल गेले, लघवी बंद झाली. मग धावपळ करत नारायणगावला नेलं, सलाईन लावलं. पोर वाचलं. मी भेटायला गेले तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "बाई, तुमीच सांगितलं व्हतं ना, दही दिलं की बरं हुतं म्हून?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. त्या रात्री मी वाचायला बसले. मुलीच्या बरणीतलं सगळं बरोबर होतं. पण पोट म्हणजे बरणी नव्हे. बरणीत तापवलेलं दूध होतं, जवळजवळ रिकामी जागा. आपल्या शरीरात मात्र सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. तिथे बाहेरून जाणारा जिवाणू रिकाम्या घरात शिरत नाही, तो भरलेल्या गावात पोचतो.

आता मी हे वर्गात शेतावरून सांगते, कारण आमच्या मुलांना शेत कळतं. पीक दाट असलं की तणाला जागा मिळत नाही. आतड्यातही तसंच. तिथले कायमचे रहिवासी खाद्य आणि जागा अडवून बसतात, आम्लं सोडतात. काही जिवाणू आपल्या जवळच्या नात्यातल्या जिवाणूंना मारणारी प्रथिनंही बनवतात. त्यामुळे रोगजंतूला पाय रोवणं अवघड जातं. पण याच दाटीमुळे दह्यातल्या जिवाणूलाही तिथे घर मिळत नाही. बरेचसे जठरातल्या आम्लातच मरतात. उरलेले बहुतेक पाहुण्यासारखे येतात आणि काही दिवसांत जातात. पाहुणा उपयोगाचा असतोच. दुधातली साखर पचवायला तो मदत करतो, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसतं. पण पाहुण्याच्या जिवावर घर चालत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. हे जिवाणू फक्त भांडत नाहीत, एकमेकांना जेवूही घालतात. भाकरी, डाळी, भाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो बायफिडोबॅक्टेरियमसारखे जिवाणू फोडतात. त्यातून लॅक्टेट आणि ॲसिटेट तयार होतं. ते दुसरे जिवाणू खातात आणि ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवर जगतात. म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण आणि त्याचं उरलेलं आपल्या आतड्याचं जेवण! आईच्या दुधातही काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी असतात.

शेत कुणाचं, यावरही बरंच अवलंबून असतं. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष प्रमाणात आढळले. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये निरोगी माणसांना ११ प्रकारच्या प्रोबायोटिक जिवाणूंचं मिश्रण दिलं आणि थेट आतड्यातून नमुने घेतले. काहींच्या आतड्यात ते टिकले, काहींच्या आतड्याने सरळ बाहेरची वाट दाखवली. त्याच संशोधकांनी काही जणांना आधी अँटिबायोटिक दिलं. त्यानंतर ज्यांना प्रोबायोटिक दिलं त्यांचे मूळचे जिवाणू परत यायला जास्त वेळ लागला. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांचे लवकर परतले. तणनाशकाने रान मोकळं झालं आणि नव्या रोपांनी जुन्या पिकाची जागा अडवली, असंच काहीसं.

मग प्रोबायोटिक निरुपयोगी का? तसंही नाही. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने मोठी चाचणी केली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. काही बाळांना ७ दिवस निवडक लॅक्टोबॅसिलस आणि सोबत त्या जिवाणूचं खाद्य दिलं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. नवजात बाळाचं आतडं म्हणजे अजून पेरणी व्हायची असलेलं रान. शिवाय बियाणं निवडलेलं होतं आणि सोबत खतही होतं. (ही डॉक्टरांची चाचणी होती. घरी नवजात बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये.) उलट, अमेरिका आणि कॅनडात जुलाब झालेल्या लहान मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोबायोटिकचा फायदा दिसला नाही. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मी वाचत असताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या त्या मुलीचा भाऊ होता.

आता मी फळ्यावर उभी रेघ मारत नाही. एक मोठं वर्तुळ काढते, त्यात वेगवेगळे जिवाणू आणि त्यांच्यामध्ये बाण. कोण कोणाला खाऊ घालतो, कोण कोणाची जागा अडवतो. मग मुलांना विचारते, "यात एक नवा आला तर काय होईल?" उत्तर एक नसतं. कोण आला, कुठे आला, आधी कोण होतं, खायला काय आहे, यावर ते ठरतं. गुण द्यायला अवघड जातं, पण धडा खरा होतो.

पालकांना दोन-तीन गोष्टी कळकळीने सांगते. दही-ताक जरूर खा, ते उत्तम अन्न आहे, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका. मुलाला जुलाब झाले तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस द्या. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा, झिंकबद्दल डॉक्टरांना विचारा. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली तर वाट पाहू नका. आणि मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक किंवा प्रोबायोटिकची पुडी मनाने देऊ नका. काही विशिष्ट प्रोबायोटिक काही त्रासांत उपयोगी ठरतात, पण कुठलं आणि कधी, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

ती मुलगी आता कॉलेजला आहे. भाऊ आमच्याच शाळेत येतो आणि मधल्या सुट्टीत पहिला डबा उघडतो. डब्यात बहुतेकदा भाकरी आणि उसळ असते. मी बघते, हसते आणि पुढच्या तासाला वर्गात गेले की मुलांना आधी सांगते, "मॅडम सांगतात म्हणून मानू नका. विचारा."

आपल्या वर्गात हा धडा आपण कसा शिकवता, जरूर कळवा.