पडताळा

आम्ही दोघी बहिणी. माहेर कराडचे. थोरली साताऱ्यात दिलेली, धाकटी सांगलीत. माहुलीला दिसणारे कृष्णेचे पाणी कराडवरूनच सांगलीला जाते, तेव्हा लेकी काही लांब दिल्या नाहीत, असे अब्बा म्हणायचे. थोरलीची मुलगी आणि धाकटीचा मुलगा दोघेही यंदा आठवीत. दोघांची शाळा मराठी माध्यमाची, पुस्तक एकच, बालभारतीचे. हा लेख त्या दोघांच्या बीजगणिताच्या गृहपाठाचा आहे, आणि थोडा आमचाही.

झाले असे. पहिल्या घटक चाचणीत मुलीला २० पैकी ६ गुण पडले, मुलाला ५. वह्या मात्र दोघांच्याही बघण्यासारख्या. सरावसंचातले प्रत्येक उदाहरण सोडवलेले, खाली लाल शाईची बरोबरची खूण. रात्री फोनवर थोरली म्हणाली, "वहीत सगळं बरोबर आणि पेपरात काहीच नाही, हे कसं गं?" मग आम्ही दोघी आपापल्या घरी वह्या उघडून बसलो आणि एकेक उदाहरण एकमेकींना वाचून दाखवू लागलो. एका ठिकाणी दोघी एकदमच थांबलो. मुलीने '३क्ष = १८' च्या जागी '३क्ष = ८१' लिहिले होते, आणि खालच्या ओळीत 'क्ष = ६' हे उत्तर तरीही बरोबर होते. साताऱ्याच्या वहीत ८१, सांगलीच्या वहीतही ८१!

पोरांना समोर घेतले. आमच्याच फोनवरून फोटो जात होते. एक दिवस मुलगी गाईडमधून उतरवून भावाला पाठवायची, दुसऱ्या दिवशी तो तिला. रागावलो तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "अम्मी, वही पूर्ण नसली तर वर्गात उभं करतात. गणित येत नाही म्हणून कोणी उभं करत नाही."

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. शिवाय रागवायला तोंडही नव्हते. थोरली दहावीला बीजगणितातच अडकली. पुन्हा फॉर्म भरायचा राहिला आणि लग्न झाले. धाकटी पस्तिसावर सुटली, तीही उदाहरणे पाठ करून. गणित मुलींच्या डोक्यात बसत नाही, हे वाक्य आम्ही माहेरी इतक्यांदा ऐकले होते की पुढे आम्हीच ते आमच्या मुलीला ऐकवू लागलो होतो.

धाकटीच्या गल्लीत गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. मुलाला घेऊन ती त्यांच्याकडे गेली. सरांनी चांगली वही चाळली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "ही नको. चुकलेली वही आणा. बरोबर वहीचं मी काय करू? पोरगं कुठं अडतंय ते चुकीतच दिसतं." त्यांनी शिकवणी घेतली नाही, पण एक रीत सांगितली. रोज पाचच उदाहरणे. खोडरबर वापरायचा नाही. चुकले तर एक आडवी रेघ मारून खाली पुन्हा करायचे. मोठ्यांनी उत्तर सांगायचे नाही, फक्त 'कशावरून?' एवढेच विचारायचे. आणि उत्तर आले की ते समीकरणात परत घालून पडताळा घ्यायचा. पडताळा जुळल्याशिवाय वही मिटायची नाही.

मगरिबची नमाज झाली की दोन्हीकडे वह्या उघडू लागल्या. मध्ये फोन स्पीकरवर. पहिला आठवडा वाईट गेला. पाच उदाहरणांना दीड तास लागायचा आणि वही आडव्या रेघांनी भरून जायची. पण चुका समोर आल्या तेव्हा लक्षात आले की त्या शंभर नाहीत. तीनच आहेत, आणि त्याच त्याच फिरून येतात.

पहिली, विजातीय पदांची बेरीज. २क्ष + ३ याचे दोघेही ५क्ष करायचे. धाकटीने विचारले, "पिशवीत दोन वांगी आणि तीन रुपये असले तर पाच वांगी झाली का?" हसले, आणि ती चूक गेली. दुसरी, बाजू बदलताना चिन्ह न बदलण्याची. ३क्ष − ७ = ११ यात ७ पलीकडे नेताना उणेच ठेवायचे, म्हणजे ३क्ष = ४. थोरलीने तराजूने समजावले. दोन्ही पारडी सारखी आहेत. डाव्या पारड्यातले उणे ७ घालवायचे तर तिथे ७ टाकावे लागतील. मग उजवीकडेही ७ टाकल्याशिवाय काटा सरळ राहील का? ३क्ष = १८, क्ष = ६. पडताळा: ६ त्रिक १८, वजा ७, बरोबर ११. तिसरी चूक सगळ्यांत चिवट, कंसाबाहेरच्या उणे चिन्हाची. ५ − २(क्ष − ३) याचे उत्तर ११ − २क्ष. आतल्या उणे ३ ला बाहेरच्या उणे २ ने गुणले की अधिक ६ होतात. हे दोघेही पुनःपुन्हा विसरत. या एका चुकीला बावीस दिवस लागले. खरे सांगायचे तर थोरलीला चोवीस लागले, कारण एव्हाना तीही वही घेऊन बसू लागली होती.

साताऱ्यात राहून स्वावलंबी शिक्षणाचे ब्रीद कोणाला ठाऊक नाही? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली रयत शिक्षण संस्था साताऱ्याला आणली, सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका वसतिगृहात ठेवले आणि कमवून शिकायला लावले. ते ब्रीद आम्ही पाट्यांवर वाचत होतो. आठवीच्या वहीतही ते लागू पडते, हे आता कळले.

एकदा मुलगा वैतागून म्हणाला, "हे क्ष-बिक्ष कुणी काढलं?" सरांना विचारले तर त्यांनी तासभर गोष्ट सांगितली. आपल्याकडे ही विद्या फार जुनी. ७ व्या शतकात ब्रह्मगुप्ताने शून्याचे आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले. १२ व्या शतकात भास्कराचार्यांनी तर बीजगणित याच नावाचा ग्रंथ केला; त्यात अज्ञात संख्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे आहेत. पुढे शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी यांनी तो ग्रंथ फारसीत नेला. आणि जगभर ज्याला अल्जेब्रा म्हणतात, ते नाव बगदादचे. खलिफा मामूनच्या काळात, इ.स. ८२० च्या सुमारास, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी एक किताब लिहिली. तिच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून अल्जेब्रा आले. जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा जागेवर बसवणे. समीकरणात वजा झालेले पद भरून काढायचे, ते जब्र. म्हणूनच जुन्या स्पॅनिश भाषेत हाडवैद्यालाही अल्जेब्रिस्ता म्हणत. त्या किताबीत आजच्यासारखी चिन्हे नाहीत, सगळे शब्दांत आहे. क्षच्या जागी 'शय', म्हणजे 'वस्तू'.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या किताबीचा मोठा भाग वसियत आणि विरासतीच्या हिशेबांचा आहे. कोणाच्या वाट्याला किती, हे नीट काढता यावे म्हणूनही ही विद्या मांडली गेली.

पोरांना हे आवडले. त्या संध्याकाळी दोघांनी हट्ट धरला, आज विरासतीचे उदाहरण घाला. धाकटीने फारसा विचार न करता घातले. एक माणूस वारला. कर्ज आणि वसियत वजा जाता ३,२०,००० रुपये उरले. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. सूरह निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतीप्रमाणे, मुले असताना बायकोला आठवा हिस्सा, आणि बाकीच्यात मुलाला दोन मुलींइतके. काढा.

मुलीने एका मुलीचा वाटा क्ष धरला, म्हणजे मुलाचा २क्ष. बायकोचे ४०,०००. मग ४०,००० + २क्ष + क्ष + क्ष = ३,२०,०००. म्हणजे ४क्ष = २,८०,०००, आणि क्ष = ७०,०००. सांगलीहून भावाने पडताळा घेतला. ४० आणि १४०, १८०; आणि ७०, २५०; आणि ७०, ३२०. जुळले.

"खाला," फोनवरून मुलगी म्हणाली, "हे तर नानांचंच घर झालं की. नानी, मामू, अम्मी आणि तू. मग तुम्हा दोघींना किती मिळाले?"

दोन्हीकडे शांतता. अब्बांना जाऊन दोन वर्षे झाली होती. चाळिसावा झाल्यावर पुढच्याच महिन्यात आम्ही दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. कोणी जबरदस्ती केली नाही. सगळ्याच बहिणी करतात म्हणून केल्या. माहेर तुटू नये म्हणून केल्या. पण त्या कागदावर आमचा वाटा किती होता, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. अम्मीचा आठवा हिस्सा तर कोणाच्या बोलण्यातही आला नाही.

"आम्ही राजीखुशीने सोडला," थोरली म्हणाली.

"पण किती सोडला?" मुलीने विचारले. सरांनी शिकवलेले 'कशावरून?' आता आमच्यावरच उलटले होते.

आपला हक्क माफ करायला हरकत नाही. पण माफ करायचा तर आधी तो किती आहे हे माहीत हवे. आम्ही गाईडमधले उत्तर उतरवावे तशी सही उतरवली होती. वही पूर्ण दिसत होती, उदाहरण मात्र सोडवलेच नव्हते.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी पोरांना घेऊन कराडला गेलो. भांडायला नाही. जेवण झाल्यावर भाईजानसमोर मुलीची वही ठेवली आणि म्हणालो, "आमचं राहू द्या. पण एकदा खरे आकडे घालून हे मांडायचं का? अम्मीसाठी तरी." भाईजान बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी मुलीला विचारले, "पडताळा घेतलास?"

"घेतला, मामू."

ते उठून आत गेले आणि अब्बांचे कागद घेऊन आले. त्या रात्री सगळे काही सुटले नाही. काही कागद सापडले नाहीत, एका जागेच्या किमतीवर एकमत झाले नाही. पण अम्मीचा आठवा हिस्सा पहिल्यांदा कागदावर आला, आणि तो अम्मीच्या नावाने बँकेत ठेवायचे ठरले. आमच्या वाट्याचे काय, ते पुढे बघू. सोडायचा की घ्यायचा, हे आता आकडा बघून ठरवू.

दुसऱ्या घटक चाचणीत मुलीला १३ पडले, मुलाला ११. फार नाहीत, पण त्यांचे स्वतःचे आहेत. त्यांच्या वह्या आता पूर्वीसारख्या देखण्या राहिल्या नाहीत, पानापानावर आडव्या रेघा आहेत. आपल्या घरातही आठवी-नववीचे मूल असेल, तर त्याची वही आज एकदा उघडून बघा. एकही चूक नसेल, तर जरा शेजारी बसा.

थोरलीने यंदा दहावीचा फॉर्म भरला आहे. बाहेरून परीक्षा देणार. उणे चिन्हाचा कंस अजून अधूनमधून चुकतो. चुकला की सांगलीहून भाचा विचारतो, "कशावरून, खाला?"