थोरल्या दवाखान्यातल्या सिस्टरांना

मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर,


सीपीआर रुग्णालयाला कोल्हापूर अजून थोरला दवाखानाच म्हणतं. गगनबावडा, शाहूवाडीची पोरं तुमच्याकडे येतात, निपाणीकडची कानडी बोलणारी येतात, गळिताच्या हंगामात ऊसतोड कुटुंबांतलीही. त्यांचा ताप, नाडी, श्वास तुम्ही तक्त्यावर लिहिता. त्याच ओळीत दुखण्याचा आकडाही यावा, एवढं मागायला हे पत्र.

नुसतं "बाळा, दुखतंय का?" विचारून भागत नाही. 'हो' म्हटलं की सुई येते, हे पोराला कळलेलं असतं. उशाशी बाप सांगत असतो, "वाघ हाईस की, रडायचं न्हाई." भाजलेलं, हाड मोडलेलं पोर हलायला भिऊन निपचित पडतं आणि सगळे म्हणतात, लई शहाणं आहे. मला काळजी या शहाण्या पोरांचीच जास्त वाटते.

1997 साली मिशिगनमध्ये तयार झालेली 'फ्लॅक' मोजपट्टी चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं या पाचांना प्रत्येकी 0 ते 2 गुण देते. दोन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत ती चालते. पोराची भाषा कुठलीही असो. बोलत्या मुलांना वाँग-बेकरचे सहा चेहरे दाखवून बोट ठेवायला सांगता येतं. निपचित पोराला मात्र फ्लॅकवरही कमी गुण पडतील. म्हणून आईला विचारा, आणि कूस बदलताना, ड्रेसिंगच्या वेळी पुन्हा बघा.

तान्ह्यांना फारसं दुखत नाही, असं एके काळी डॉक्टरही मानत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेवेळी फेंटानिल दिलं, तर शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात, हे डॉ. के. जे. एस. आनंद यांनी 1987 साली ऑक्सफर्डमधून दाखवून दिलं. इतक्या उशिरा! तोवर किती बाळांनी सोसलं असेल?

एका पाळीत तुमच्यावर किती खाटा असतात, ते दिसतं. नीट निरखायला दोन ते पाच मिनिटं लागतात. ती तुम्हाला मिळवून देणं प्रशासनाचं काम आहे, आणि त्यासाठी आम्ही नागरिकांनीही बोललं पाहिजे. आकडा 4 किंवा वर गेला की डॉक्टरांना कळवायचं, औषधानंतर पुन्हा मोजायचं. पाळी बदलताना "आठ नंबरला सहा होता, औषधानंतर तीन" एवढं सांगितलं गेलं, तर पुढच्या सिस्टर तिथून पुढं बघतील.

आपला,
एक कोल्हापूरकर