छातीवर 'एल्डर' लिहिलेलं पोरगं

 

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी लेकाकडे टेक्सासला होतो, डलासजवळच्या एका उपनगरात. लेक-सून कामावर, नात शाळेत आणि मी घर राखायला. बाहेर चाळीस डिग्री ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुपारी बेल वाजली.

दारात दोन पोरं. पांढरा शर्ट, टाय, डोक्यावर हेल्मेट, मागे सायकली. छातीवर काळी पाटी आणि त्यावर आडनावाच्या आधी 'एल्डर'. म्हणजे वडीलधारा! मी सदुसष्ट वर्षांचा, आणि हा एल्डर अठराचा. मिसरूडही नीट फुटलेली नव्हती.

मोठा असेल विसेक वर्षांचा. त्याने सफाईने बोलायला सुरुवात केली आणि मग धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलला आणि पुढचं विसरला. कान लालबुंद. बत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. तोंडी परीक्षेत पाठांतर विसरलेला मुलगा लांबून ओळखतो. म्हटलं, "आत या. आधी पाणी प्या."

चहा विचारला तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू, सगळं त्यांना वर्ज्य. मग कोकम सरबत दिलं. धाकट्याने आधी वास घेतला, मग दोन ग्लास संपवले.

ते मॉर्मन पंथाचे. मूळ गाव आयडाहो राज्यात, घरी शेती. प्रोव्होला प्रशिक्षण झालं आणि या भागात येऊन त्याला तीन दिवस झाले होते. कुठे जायचं ते स्वतः निवडता येत नाही, वरून पत्र येतं. मुलग्यांना दोन वर्षं, मुलींना दीड. पगार नाही. उलट महिन्याला पाचशे डॉलर स्वतःचे किंवा घरचे भरायचे. एकट्याने कुठे जायचं नाही, कायम जोडीने. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला झोपायचं. घरच्यांशी बोलणं आठवड्यातून एक दिवस. २०१९ च्या आधी तर घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला.

त्याला विचारलं, "आज किती दारं झाली?"

"एकतीस, सर."

"किती उघडली?"

"नऊ. आत बोलावणारे तुम्ही पहिले." आणि हसला.

शुक्रवारी सूनबाई एकटीच घरी होती तेव्हा परत आले. ती 'या' म्हणाली तरी आत आले नाहीत, घरात पुरुष माणूस नसेल तर जायचं नाही असा नियम आहे म्हणे. शनिवारी शेजारच्या म्हातारीचं सामान हलवताना दिसले, घामाने निथळत. त्या दिवशी पुढच्या गल्लीत एकाने त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं होतं. मोठ्याला सवय झालेली, तो हसून सांगत होता. धाकटा गप्प.

सोमवार त्यांचा मोकळा दिवस. कपडे धुणं, बाजारहाट, घरी फोन. लेकाबरोबर दुकानात गेलो होतो तिथे भेटला. डोळे सुजलेले. "आईशी बोललास वाटतं," म्हटलं. मान हलवली. मीही अकरावीला साताऱ्याच्या बोर्डिंगात पहिल्या आठवड्यात असाच रडलो होतो. वय बदललं, देश बदलला, तरी आईचा आवाज ऐकल्यावर घशात येणारा आवंढा तोच.

बुधवारी दोघं घरी आले. मधल्या दिवसांत मी त्यांचं पुस्तक थोडं वाचलं होतं. स्पष्ट सांगितलं, "बाबा रे, मला काही हे पटलं नाही. आमच्या घरी तीन पिढ्या माळ आहे." त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "माळ म्हणजे काय, सर?" मग मी अर्धा तास विठोबा आणि वारी सांगत बसलो. धर्मप्रचार कोण कोणाचा करत होतं देव जाणे.

मग मीही एक प्रश्न विचारला. "तू जाणार नाही म्हणाला असतास तर घरी चाललं असतं?"

पोरगं गप्प झालं. मोठाही खाली बघायला लागला. शेवटी म्हणाला, "आजोबा गेले होते, बाबा गेले होते. सक्ती नाही, सर. पण..." त्या 'पण'च्या पुढे तो काही बोलला नाही. आपल्याकडेही घराघरांत असा 'पण' असतोच.

जाताना त्याने सांगितलं, त्याच्या पूर्वजांना मिसूरी राज्यातून हाकललं होतं. नंतर मी शोधून वाचलं. १८३८ साली तिथल्या गव्हर्नरने लेखी हुकूम काढला होता, मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर संपवा. तो हुकूम अधिकृतपणे मागे घेतला गेला १९७६ साली! त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ, त्याला १८४४ मध्ये इलिनॉयमध्ये जमावाने तुरुंगात घुसून मारलं. उरलेले हजार मैलांच्या वर चालत, बैलगाड्या हाकत युटाच्या ओसाड खोऱ्यात गेले. म्हणजे आज जिथे एखाद्याने फार तर कुत्रं सोडलं, तिथेही एके काळी जमावच होता. याच पंथाने १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पौरोहित्य दिलं नव्हतं, हेही वाचलं. म्हणजे धुतल्या तांदळासारखं कोणीच नाही.

आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहितोय ते सांगतो.

सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी मी नोकरीच्या गावी होतो. बाजाराचा दिवस. एसटी स्टँडबाहेर दोन पोरं छोटी धार्मिक पुस्तकं वाटत होती. कोणीतरी म्हणालं, "हे आमिष दाखवून बाटवतात." आम्ही पाच-सहा जण गेलो. काय आमिष, कोणाला दाखवलं, एकानेही विचारलं नाही. त्यातल्या एकाची पिशवी ज्याने हिसकावली तो मी. पुस्तकं गटारात गेली. धक्काबुक्कीत पोराचा चष्मा फुटला. खाली बसून तो काचा गोळा करत होता, आणि माझ्याच वर्गातली चार मुलं बाजूला उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नागरिकशास्त्र शिकवलं.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही धर्मांतराची वकिली करताय. नाही. जबरदस्ती, फसवणूक, आजारपणाचा किंवा गरिबीचा फायदा घेणं, हे गुन्हेच. तिथे पोलीस आहेत, कोर्ट आहे. घटनेच्या २५ व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे. आणि प्रचार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असंही सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच सांगितलंय. घरच्यांची भीतीही मला कळते. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा घराची काय अवस्था झाली, ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचा.

पण स्टँडवरच्या त्या पोराने आम्हाला काही मागितलं नव्हतं. 'नको' एवढं म्हटलं असतं तरी तो पुढे गेला असता. डलासच्या त्या गल्लीत बावीस दारं उघडली नाहीत आणि पोरगं बावीस वेळा पुढे गेलं. त्याला विचारायची मोकळीक, मला नाही म्हणायची मोकळीक. आणि त्याच्या घरात त्यालाही नाही म्हणता यायला हवं, माझ्या घरात माझ्या नातीलाही. यातली एक काढून घेतली की बाकीच्याही फार दिवस टिकत नाहीत, असं मला आता वाटतं.

परत यायच्या आदल्या दिवशी तो सायकलवरून जाताना दिसला. हात केला आणि ओरडला, "राम कृष्ण हरी, सर!" उच्चार भयंकर. मी शिकवलेलं होतं, लक्षात ठेवलं पोराने.

त्याचं आडनाव मला पाठ आहे, पाटीवर होतं. स्टँडवरच्या पोराचं नाव मात्र आम्ही विचारलंही नव्हतं. आज तो पंचेचाळिशीचा असेल. कदाचित आपल्याच भागात असेल. ही पोस्ट फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेली तर एवढंच सांगायचंय: पिशवी मी ओढली होती. चुकलो.

मतभेद असतील तर जरूर लिहा, सगळं वाचतो. शिवीगाळ मात्र नको.