समुद्रकांठची आगगाडी

परदेश पाहावयास निघालेला मनुष्य बहुधा तेथील प्रेक्षणीय स्थळें पाहून परततो. तेथील माणसें मात्र त्याच्या दृष्टीस फारशीं पडत नाहींत. ज्या गाडींतून त्या देशांतील शाळकरी मुलें, कारकून व कोळणी रोज ये-जा करितात, तिच्या बांकावर बसल्यावांचून परक्या देशाची खरी ओळख होत नाहीं, असें माझें मत २०१८ सालीं श्रीलंकेंत केलेल्या एका प्रवासानें झालें आहे.

कोलंबोच्या फोर्ट स्टेशनावरून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग समुद्राच्या अगदीं कडेकडेनें जातो. तो १८९४ सालीं गॉलपर्यंत व १८९५ सालीं मातरपर्यंत पोहोंचला. मीं तिसऱ्या वर्गाचें गॉलचें तिकीट काढिलें. आपल्याकडे पूर्वीं मिळत असे, तसेंच तें जाड पुठ्ठ्याचें लहानसें तिकीट पाहून मौज वाटली. रुळांमधील अंतरहि आपल्या मोठ्या मार्गाइतकेंच, साडेपांच फूट. स्टेशनांच्या पाट्या मात्र सिंहली, तामीळ व इंग्रजी अशा तीन लिप्यांत होत्या.

गाडी सुटली व थोड्याच वेळांत उजव्या हातास समुद्र दिसूं लागला. लाटांचे तुषार खिडकींतून आंत येत होते. एक फेरीवाला ओरडत आला. त्याच्या टोपलींत डाळीचे वडे होते व प्रत्येक वड्यावर अख्खी कोळंबी बसविलेली होती. त्यास ‘इस्सो वडे’ म्हणतात. त्यानें ते जुन्या वहीच्या कागदांत बांधून दिले. त्या कागदावर कोणा मुलानें सोडविलेलीं भागाकाराचीं गणितें होतीं, आणि त्यांवर गुरुजींच्या लाल शाईच्या खुणाहि होत्या!

तीं मीं वाचीत आहें हें पाहून पांढऱ्या गणवेशांतील एक शाळकरी मुलगा हंसला आणि आमची ओळख झाली. त्यानें मला आपल्या भाषेतील शब्द शिकविले. ‘गम’ म्हणजे गांव, ‘नम’ म्हणजे नांव. बाहेर बोट दाखवून तो म्हणाला, “मुहुद.” समुद्र या शब्दाचेंच तें रूप. सिंहली ही मराठीप्रमाणेंच संस्कृताच्या कुळांतील भाषा आहे, हें मीं पुस्तकांत वाचलें होतें. त्या दिवशीं तें कानांनीं ऐकलें.

कळुतर स्टेशनावर तो मुलगा उतरला. पुढें आंबलंगोड गेल्यावर समोरच्या वृद्ध गृहस्थांनीं माझी खिडकीजवळची जागा क्षणभर मागितली. मीं उठलों. बाहेर माडांची रांग व लहानसें गांव होतें. त्यांनीं हात जोडिले व गाडी पुढें जाईपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत.

तें पेरलिय गांव होतें. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुनामीची पहिली लाट येतांच कोलंबोहून मातरकडे निघालेली गाडी तेथें थांबली. गाडी भक्कम, म्हणून गांवचे लोकहि मुलांबाळांसह तिच्या आश्रयास आले. मागून आलेल्या अधिक मोठ्या लाटेनें डबे रुळांवरून उचलून फेंकून दिले. हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्या गृहस्थांची बहीण गांवांतून धांवत येऊन त्याच गाडींत चढली होती.

मोडक्या इंग्रजींत त्यांनीं हें सांगितलें. मीं भीतभीत विचारलें, “तरी आपण याच गाडीनें जातां?”

ते म्हणाले, “काम कोलंबोस, घर गॉलला. मधें मुहुद आहे, तो आहेच.”

त्या गाडीचें एंजिन पुढें दुरुस्त करून पुन्हां रुळांवर आणण्यांत आलें, हेंहि त्यांनींच मला अभिमानानें सांगितलें.

गॉलला उतरून मीं तेथील प्रसिद्ध किल्ला पाहिला. तो पोर्तुगीजांनीं आरंभिला व डच लोकांनीं वाढविला. किल्ला खरोखर पाहण्याजोगा आहे. पण तटावर उभा असतांहि माझें लक्ष खालच्या लाटांकडेच जात होतें, आणि त्यांस मीं मनांतल्या मनांत त्या मुलानें शिकविलेल्या नांवानेंच ओळखीत होतों.

विद्यार्थिमित्रहो, परदेशीं जाण्याचा योग आला तर एक दिवस तरी तेथील साध्या गाडीचें तिकीट काढा. खिडकीजवळ जागा मिळाल्यास ती शेजाऱ्यास देऊं करा. बाहेर काय आहे, तें तोच तुम्हांस नीट सांगेल.