तार की अलाइनर?

धाराशिव

चि. वैशालीस,


सईच्या पुढे आलेल्या दातांना तार लावावी की जाहिरातीतले पारदर्शक अलाइनर घरपोच मागवावेत, असं तू विचारलंस. माझं मत असं की साधन कोणतं हे नंतर बघू. दर महिना-सव्वा महिन्याला तिचे दात प्रत्यक्ष तपासणारा तज्ज्ञ कळंबहून जाण्यायेण्याजोगा आहे का, ते आधी ठरव. दातावर हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं भरत जातं. महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. दाब जास्त झाला तर मुळं झिजू शकतात, कमी पडला तर महिने वाया जातात.

अलाइनरला माझा विरोध नाही. अमेरिकेत १९९८ पासून ते परवानगीनं वापरात आहेत. थोड्या फटी, थोडी गर्दी असेल तर चांगलं काम करतात, शिवाय काढून दात नीट घासता येतात. पण दिवसाचे वीस-बावीस तास ते तोंडात हवेत, आणि डबा खाताना रुमालात गुंडाळून ठेवलेला अलाइनर शाळेत हरवायला वेळ लागत नाही. घरपोच प्रकाराची मला खरी धास्ती वाटते. स्माइलडायरेक्टक्लब ही असे घरपोच अलाइनर देणारी अमेरिकेतली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कितीतरी लोकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. तज्ज्ञ स्वतः तपासून अलाइनर देणार असेल तर गोष्ट वेगळी.

तुझ्या सासूबाई म्हणतात, लग्नाच्या वेळी बघू. दात मोठेपणीही सरकतात, हे त्यांचं खरंच आहे. पण सईचे वरचे दात पुढे आहेत की खालचा जबडा मागे आहे, हे बाजूनं काढलेल्या एक्स-रेवरून कळेल. जबडा मागे असेल तर ट्विन ब्लॉकसारखं साधन वाढीच्या वयातच उपयोगी पडतं, आणि मुलींची वाढ मुलांच्या आधी आटोपते. उपदाढा काढायला सांगतील ही भीतीही रास्त आहे. जागाच नसेल तेव्हा त्या काढाव्या लागतात, सरसकट नाही. काढायच्या म्हणाले तर कारण विचार, एक्स-रेवर दाखवायला सांग. मुली चिडवतील, हे मात्र मी हलक्यात घेणार नाही. तार दिसते, पहिले काही दिवस गाल सोलवटतात, त्यासाठी मेण मिळतं. सईला हे आधीच सांग आणि तिची तयारी असेल तरच पुढे जा.

लातूरला एमआयडीएसआर हे दंत महाविद्यालय आहे. तिथल्या दात सरळ करण्याच्या विभागात आधी दाखव. खाजगीत गेलीस तर डॉक्टर बीडीएसनंतर याच विषयात एमडीएस झालेत ना, हे विचार. एसटीत तुम्हा दोघींना अर्धंच तिकीट पडतं, त्यामुळे दर महिन्याची फेरी जड जाऊ नये. तार असेपर्यंत ऊस दातानं सोलायचा नाही, पेरू कापून खायचा, आणि दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या कडेनं ब्रश फिरवायचाच, नाहीतर तार निघाल्यावर दातांवर पांढरे डाग राहतात. तार काढल्यावर रिटेनर लागतो. तो न वापरल्यास दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकतात. म्हणून खर्च विचारशील तेव्हा रिटेनर त्यात धरलाय का, तेही विचार. जूनमध्ये नववी सुरू होताना तार बसली, तर दहावीच्या परीक्षेपर्यंत बरंचसं काम उरकलेलं असेल.

तुझी,
आत्या