नो डिस्प्ले

घरी नव्याने जोडलेला कॉम्प्युटर उचलून दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, बोर्ड गेला का?" बोर्ड सहसा गेलेला नसतो. जुन्या-नव्या पार्टांतून उभ्या केलेल्या मशिनमध्ये प्रत्येक पार्ट सुटा तपासला तर धडधाकट निघतो आणि एकत्र आले की रुसतात. दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो. म्हणून नवा पार्ट आणायला मी आधी कुणालाच पाठवत नाही. आधी काढायला घेतो.

त्याआधी मशिन कसं बंद आहे ते बघतो. बटण दाबून काहीच हललं नाही तर वीजच पोचत नाही, नाहीतर बटणाची बारीक वायर भलत्या पिनांवर बसलेली असते. पंखा जेमतेम फिरून थांबला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएसने शहाणपणाने हात आखडता घेतला आहे. सगळे पंखे फिरतात, दिवे लागतात आणि स्क्रीन काळीच, हे आमचं 'नो डिस्प्ले'. यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.

मग बोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्याच खोक्याच्या पुठ्ठ्यावर. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नसेल (इंटेलच्या नावात शेवटी एफ असला की नसतंच) तरच कार्ड. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. इथे चालू झालं तर कॅबिनेट तपासायचं. बोर्डला भोक नाही तिथे उरलेला एखादा पितळी स्टँडऑफ मागून टेकलेला सापडतो.

चोवीस पिनांचं मोठं कनेक्टर कुणी विसरत नाही. वरच्या कोपऱ्यातलं प्रोसेसरचं आठ पिनांचं मात्र हमखास राहतं. रॅमला खोडरबर लागतोच. कोकणातून, खाऱ्या दमट हवेतून आलेल्या पट्ट्यांचे सोनेरी दात काळवंडलेले असतात. फक्त रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही, आणि तोंडाने फुंकायचं तर अजिबात नाही.

एका गोष्टीत मी कडक आहे. मॉड्युलर एसएमपीएस बदलला की त्याच्या केबलाही बदलायच्या. जुन्या केबलचा प्लग नव्यात बिनबोभाट बसतो, पण आतला पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळा असतो. चालू मशिनची हार्डडिस्क एका क्षणात जळते ती अशी.

मध्यंतरी एक कॉलेजचा मुलगा आला. बोर्ड बी४५० चिपसेटचा, २०१८ सालच्या पिढीतला. त्यावर त्याने २०२० च्या अखेरीस आलेल्या रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसवलेला. जोडणी इतकी नेटकी की शिकाऊ पोराला दाखवावी. तरी नो डिस्प्ले. बोर्डच्या बायोसचा जन्म त्या प्रोसेसरच्या आधीचा, तो त्याला ओळखणार कसा? बायोस अपडेट करायला जुना प्रोसेसर बसवून मशिन चालू करावं लागतं, आणि नव्याचे पैसे जमवायला जुना तर त्याने विकून टाकलेला. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस भरायची सोय असते, याच्यावर नव्हती. अशा वेळेसाठी पहिल्या पिढीचा एक रायझन मी ड्रॉवरमध्ये सांभाळून ठेवलाय. विकला तर किरकोळ पैसे येतील, पण दुकानातला सर्वांत कमावता पार्ट तोच.

आता डीडीआर५ मुळे वेगळीच गंमत झाली आहे. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमशी वेगाचा मेळ घालत बसतो. स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते आणि त्यात बिघाड काहीच नसतो. घाबरून बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. तेवढा वेळ गिऱ्हाइकाचा हात बटणापासून लांब ठेवायचा असतो. मी चहा मागवतो, तोही गरम, म्हणजे दोन्ही हात गुंततात.