पेन्शन तिची, तिच्याच हक्काची

केंद्र सरकारी कार्यालयाच्या पेन्शन शाखेत माझी सारी नोकरी झाली. नवऱ्याच्या तेराव्यानंतर मुलाला सोबत घेऊन आलेल्या बाईचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असायचा, “मॅडम, मुलांच्या सह्या लागतील का?”

कुटुंब निवृत्तिवेतनासाठी लागत नाहीत. ती रक्कम नवऱ्याच्या इस्टेटीत येतच नाही. नियमाने ती थेट पत्नीची असते. म्हणून मृत्युपत्र करून ती दुसऱ्या कोणाच्या नावे करता येत नाही. व्हायोलेट इसाक या रेल्वे कर्मचाऱ्याच्या विधवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये हे स्पष्ट केलं. तिथे दिराने मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगितला होता. वारसांचा प्रश्न येतो तो नवऱ्याच्या हयातीतल्या थकबाकीपुरता, आणि तोही त्याने कोणाचं नाव देऊन ठेवलं नसेल तर.

रकमेबद्दलची भीती तर फार खोल असते. एक हिशेब मांडते. शेवटचं मूळ वेतन 60,000, म्हणजे पेन्शन 30,000. त्यातली 40 टक्के विकून एकरकमी पैसे घेतले की हातात मूळ पेन्शन 18,000 उरते. समजा, साठाव्या वर्षी निवृत्त झालेले गृहस्थ त्रेसष्ट पूर्ण होताच गेले. सात वर्षं किंवा ते सदुसष्ट वर्षांचे झाले असते तो दिवस, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत पत्नीला वाढीव दराने 30,000 मिळतात. इथे चार वर्षं. पुढे शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्क्यांनी 18,000. महागाई सवलत वेगळी. विकलेल्या पेन्शनची कपात तिच्याकडून होत नाही. खात्यात जास्त पैसे आले म्हणून बँकेची चूक समजून घाबरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ती चूक नसते.

पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, तिचं नाव आणि दोघांचं जोडखातं असेल, तर बँकेत अर्ज, मृत्यूचा दाखला आणि जादा रक्कम परत करण्याचं हमीपत्र एवढ्यावर काम सुरू होतं. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन नवऱ्याची. त्यानंतर त्याची म्हणून जमा झालेली रक्कम एटीएममधून काढू नका. घरच्या अडचणीत मुलं ती काढतात, आणि पुढे वसुलीचं पत्र आईच्या नावाने येतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अपंग मुलांची आणि घटस्फोटित लेकींची. इतर मुलांना पंचविशीपर्यंत, लग्नापर्यंत किंवा कमाई सुरू होईपर्यंत मिळणारं हे वेतन, कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला आयुष्यभर मिळू शकतं. त्याचं नाव आई-वडिलांच्या हयातीतच पीपीओवर घेता येतं. मूल मतिमंद असेल तर त्याच्या वतीने पैसे कोणी घ्यायचे, हेही पेन्शनर लिहून देऊ शकतो. तसं लिहिलेलं असताना कोर्टाच्या पालकत्वाच्या दाखल्यासाठी अडवणं नियमाला धरून नाही. घटस्फोटित मुलीलाही ते मिळू शकतं, पण तिच्या बाबतीत तारीख सगळं ठरवते. आई-वडिलांपैकी एक तरी हयात असताना घटस्फोट झालेला हवा, निदान दावा तरी दाखल झालेला हवा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून वर्षानुवर्षं नुसती माहेरी ठेवलेली मुलगी दोघांच्या पश्चात माझ्यासमोर येऊन बसायची, तेव्हा तिच्या फाइलवर मला नकार लिहावा लागायचा.